घसारा

विश्रामबागेत, झेरॉक्सच्या दुकानावरच्या माळ्यावर
सुकुमार उपाध्ये विमा विकतात.
टेबलाच्या काचेखाली मुलीचा बारावीतला फोटो,
आणि काचेवर माझी फाइल.

"पॉलिसी संपून किती दिवस झाले?"
एकशे बारा.
"मग नो क्लेम बोनस गेला. नव्वदच्या पुढं राहत नाही."
सात वर्षं मी कुणाकडं काही मागितलं नव्हतं,
म्हणजे विमा कंपनीकडं.
घरचा हिशेब वेगळा.

मी तासगावच्या बेदाण्याचा दलाल.
दिवसभर मूठ उघडून दाखवायची, हिरवा, पिवळा, काळा,
सौदा तुटला की कुणीतरी म्हणतंच, बसूया का.
बसलो.
उठलो तेव्हा साडेदहा.
माधवनगरच्या वळणावर अस्लम नदाफची एम-एटी
दुधाच्या कॅनांसकट समोर आली.
नाही. मी समोर गेलो.
हे वाक्य सरळ म्हणायला मला सहा महिने लागले.

कॅन रिकामे होते. तेच वाईट.
भरलेला कॅन पडतो आणि गप्प होतो,
रिकामा वाजत जातो, पार गटारापर्यंत.
मग नळी. "फुंका, चौगुले. अजून. जोरात."
पन्नाशीच्या माणसानं रस्त्यावर उभं राहून फुंकायचं
आणि पोरगेल्या हवालदारानं आकडा वाचायचा.
कलम एकशे पंच्याऐंशी. दंड दहा हजार.
लायसन्स सहा महिने कपाटात.

उपाध्ये फॉर्म भरत होते. मी विचारलं,
ते कुठं लिहायचं?
"ते म्हणजे?"
ते.
त्यांनी पेनाला टोपण घातलं.
"तसा रकाना नाही ओ.
गॅस किट आहे का विचारतात, मागचा क्लेम विचारतात.
माणूस शुद्धीत होता का, ते विचारत नाहीत.
कशाला उगं उकरून काढताय?"

मला वाटलं होतं हप्ता दुप्पट होईल,
आकडा ऐकून मी मान खाली घालीन,
नोटा मोजीन, आणि फिटेल.
त्यासाठी बँकेतून जास्तीचे काढून आणले होते.
ते तसेच खिशात राहिले, घामानं ओले.

पान अकरावर मात्र मुंगीएवढ्या अक्षरांत आहे:
मद्याच्या अमलाखाली वाहन चालवल्यास
कंपनी जबाबदार राहणार नाही.
मी मोठ्यानं वाचलं.
उपाध्ये म्हणाले, "ते सगळ्यांच्याच पॉलिसीत असतं."

कुपवाडचा एक पोरगा आदल्या दिवशी येऊन
गाडीचे चारी बाजूंनी फोटो काढून गेला होता.
डाव्या मडगार्डवर बोट फिरवत म्हणाला,
"इथं रंग जरा गडद बसलाय."
शशिकला दारातून म्हणाली, "दिसतोय आम्हाला."

"गाडीची किंमत आता चार लाख दहा धरू," उपाध्ये म्हणाले,
"घसारा वजा जाता."
घसारा.
दरवर्षी थोडं थोडं, उभ्याउभ्यासुद्धा.
"आणि थर्ड पार्टी. ती घ्यावीच लागते."
पहिला मी, दुसरी कंपनी,
आणि रिकामे कॅन घेऊन म्हशींकडं परतणारा अस्लम
कागदावर तिसरा.

जिना उतरेपर्यंत पॉलिसी मोबाइलवर आली.
मी बसनं आलो होतो, बसनंच निघालो,
आणि का कोण जाणे, माधवनगरला उतरलो.

डेअरीच्या कट्ट्यावर तो कॅन धूत होता.
"चौगुले, गाडी निघाली का रस्त्यावर?"
विमा झाला, म्हटलं.
"बरं झालं," तो म्हणाला,
आणि झाकण दाबून बसवायला
त्यानं डावा हात नाही, कोपर लावलं.